चांदणीच्या जागी शून्य

२६ ऑगस्ट

माझ्या वरिष्ठ लोरेनबाई म्हणतात, संशोधन करणाऱ्यानं रोजचं काम रोज लिहून ठेवावं. ऑफिसातली वही त्यांच्यासाठी. ही माझ्यासाठी, कारण हिच्यात शिव्या घालता येतात.

तर पहिली शिवी राज्याच्या आरोग्य खात्याला. उन्हाळाभर तगादा लावल्यावर आज फाईल पाठवली आणि तीही अशी की केस उपटावेत. विधिमंडळाच्या समितीला एवढंच हवंय: लहान गावांतल्या इस्पितळांचे बाळंतपणाचे विभाग एकेक करून बंद पडले, त्यामुळे तिथली तान्ही बाळं जास्त दगावली का? प्रश्न साधा आहे. प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, किती जन्मली, किती पहिल्या आठवड्यात गेली, विभाग बंद होण्याआधी आणि नंतर. पण मृत्यूंच्या रकान्यात आकड्यांऐवजी जिकडे तिकडे चांदण्या, छोट्या ताऱ्यांच्या खुणा. खात्याचा नियमच आहे, आकडा एक ते नऊमधला असला की छापायचा नाही, चांदणी ठेवायची. लहान गावात कुणाचं बाळ ते लगेच कळतं, घरच्यांना त्रास नको म्हणून. ठीक आहे, पण माझा प्रोग्रॅम चांदणी दिसली की घोड्यासारखा अडून बसतो. दुपारभर डोकं फोडलं. शेवटी एक ओळ घातली: जिथं आकडा नसेल तिथं शून्य धर. तात्पुरतं. गाडी सुरू तर झाली, चांदण्यांचं नंतर नीट बघता येईल.

आईचा फोन. चर्चच्या दाराशी हाउगेनांच्या बाळाच्या नावानं बाक बसवलाय म्हणे. लीना हाउगेन माझ्या वर्गातली. त्यांचं शेत आमच्या काउंटीच्या हद्दीपलीकडे, टॅमरॅक काउंटीत. तिथला विभाग बंद झालेला, म्हणून ओस्लंडला, आमच्या गावच्या इस्पितळात निघाले होते आणि बाळ गाडीतच झालं, गाडीतच गेलं. गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात. आई सांगत राहिली, बाक ओकचा आहे, लीनाच्या सासऱ्यानं स्वतः घडवला. मी हं हं करत फाईल बघत होते.

८ सप्टेंबर

सिग्ने गरोदर आहे! आमच्या घरचं शेंडेफळ आई होणार. फेब्रुवारीअखेर.

"काय गं आकडेवाल्या बाई, मावशी व्हायला तयार का?" म्हणाली. "की आधी तक्ता काढून बघणार?"

"ट्रॉय काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार? बातमी ऐकली आणि जाऊन नांगराच्या केबिनला नवीन हीटर बसवून आला. त्याचं प्रेम हे असं." तिचा नवरा ट्रॉय काउंटीचा बर्फाचा नांगर, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ हटवणारा ट्रक, चालवतो. नोव्हेंबर ते एप्रिल त्याचा जीव त्या पिवळ्या धुडात.

मला इतका आनंद झाला की रडले. सिग्नेला ते सांगितलं नाही, वर्षभर चिडवत बसली असती.

१९ सप्टेंबर

निकाल आले. माझ्या अपेक्षेच्या अगदी उलट. जिथं विभाग बंद झाले तिथं मृत्यू वाढले नाहीतच, उलट जवळजवळ नाहीसे झाले. आलेखावर रेघ खाली येऊन जमिनीला टेकते. टॅमरॅकसारख्या काउंट्यांत तर बंद झाल्यापासून सपाट शून्य. आणि इथं राजधानीत, जिथं मोठमोठी इस्पितळं आहेत, तिथं दर वर्षी आकडे आहेतच.

लोरेनबाईंनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ आलेख पाहिला. "ब्रिन, हे फारच गोड निघालंय. इतकं गोड निघालं की मला धास्ती वाटते. एकदा तपासून घे."

मी पूर्ण प्रोग्रॅम पहिल्यापासून परत चालवला. दोनदा. तेच उत्तर, शेवटच्या दशांशापर्यंत. तसं सांगितल्यावर बाईंचा चेहरा खुलला. त्याला अर्थही लागतो म्हणाल्या: लहान विभागात वर्षाकाठी मोजकी बाळंतपणं, हाताला सवय राहत नाही; बायका मोठ्या इस्पितळात गेल्या की जास्त सुरक्षित. पटण्यासारखं आहे. अहवालातलं ते वाक्य मीच लिहिलं: "विभाग बंद झाल्याने नवजात मृत्यू वाढल्याचा कोणताही पुरावा आढळत नाही." बाईंनी त्यातला एक शब्दही बदलला नाही. एरवी त्या माझा स्वल्पविरामसुद्धा सोडत नाहीत.

आणि मुखपृष्ठावर त्यांच्याखाली माझं नाव येणार. ब्रिन टॉलेफसन. मी ते छापून पाहिलं, आणि मग कुणी बघू नये म्हणून फाडून टाकलं.

१७ ऑक्टोबर

समितीपुढे सुनावणी. मी लोरेनबाईंच्या मागच्या खुर्चीत, मांडीवर फायली. अध्यक्षांनी माझं वाक्य मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, "इतकं स्पष्ट बोलणारे संशोधक या खोलीत पहिल्यांदाच पाहतोय." सगळे हसले. मीही हसले. लहान विभागांना राज्याकडून मिळणारी मदत थांबवायची, असं जवळपास ठरल्यात जमा आहे.

एक बाई पश्चिमेकडून गाडी चालवत आली होती, बोलायला उभी राहिली. बोलणाऱ्याला तीनच मिनिटं मिळतात. ती आकडे सांगेना, नुसती आपल्या सुनेचं सांगत राहिली. वेळ संपल्याचा दिवा लागला तरी थांबेना. मला तिची कीव आली. बाहेर आल्यावर मी लोरेनबाईंना म्हटलं, "एका उदाहरणावरून धोरण ठरत नाही, हे लोकांना कसं समजावायचं?"

बाई म्हणाल्या, "नाही समजावता येत. म्हणून तर आपल्याला पगार मिळतो."

आईनं वर्तमानपत्रातलं कात्रण फ्रिजवर लावलंय. माझं नाव पिवळ्या पेननं रंगवलंय म्हणे.

५ नोव्हेंबर

ओस्लंडचा विभाग बंद होतोय. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून. मदत थांबणार म्हटल्यावर डॉक्टर आधीच दुसरीकडे चालले.

मदत थांबणाऱ्यांच्या यादीत ओस्लंडचं नाव येईल हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि सिग्नेच्या तोंडून ऐकणं यात फरक पडतो, एवढंच.

"आभारी आहोत हं," ती म्हणाली. "आता मी राजधानीला येऊन बाळंत होणार. दोन तास गाडीत. ट्रॉय म्हणतो, वाटेत बर्गर खाता येईल."

"रागावलीस?"

"वेडी आहेस का? तूच लिहिलंयस ना जास्त सुरक्षित म्हणून. आमच्या डॉक्टरचा हात थरथरतो हे अख्ख्या गावाला माहितीये."

हायसं वाटलं. तरी फोन ठेवल्यावर नकाशा उघडून तो रस्ता पाहिला.

१ डिसेंबर, ओस्लंड

थँक्सगिव्हिंगला घरी आले. सिग्नेचं पोट आता तिच्याआधी खोलीत शिरतं. लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पोळ्या, लाटताना ओट्याला पोट लागतं म्हणून ती तिरकी उभी राहून लाटते. आम्ही हसून हसून पीठ सांडलं.

आज चर्चला गेलो. बाहेर पडताना बुटाची नाडी सुटली म्हणून बाकावर बसले. बाकाच्या पाठीवर पितळी पट्टी होती. बोरिस हाउगेन, आणि खाली एकच तारीख. जन्माचीही तीच आणि जाण्याचीही तीच. तारीख वाचली आणि आधी काहीच वाटलं नाही. आईनं हाक मारली, मी उठले, गाडीत बसले. मग माझ्या डोळ्यांसमोर टॅमरॅकची ओळ आली. ती तारीख आमच्या फाईलमधल्या शेवटच्या वर्षात बसते. लीना टॅमरॅकची रहिवासी. आणि त्या वर्षी टॅमरॅकपुढे शून्य आहे.

शून्य कसं असेल?

"तुझा चेहरा का उतरला?" आई म्हणाली. मी म्हटलं, थंडी.

२ डिसेंबर

सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले. मूळ फाईल उघडली. टॅमरॅक: चांदणी. त्याच्या खालची काउंटी: चांदणी. पानंच्या पानं.

ज्या काउंटीत एकही बाळ गेलं नाही, तिथं खातं सरळ शून्य छापतं. चांदणी फक्त तिथंच येते जिथं कुणी तरी गेलंय. नियम मला पाठ होता. पहिल्याच दिवशी मी या वहीत तो माझ्या हातानं लिहिलाय, आणि त्याच्याच खाली शून्य धरल्याचंही. तात्पुरतं, म्हणे. विभाग बंद झाले ते सगळे लहान काउंट्यांतले, म्हणून सगळ्या चांदण्या तिथंच, आणि म्हणून सगळी शून्यंही तिथंच. बंद होण्याआधीची बरीचशी वर्षं खात्याच्या जुन्या छापील अहवालांतली, तेव्हा हा नियमच नव्हता, तिथं खरे आकडे होते. रेघ खाली येणारच. ती मीच खाली ओढली.

बाईंनी तपासायला सांगितलं तेव्हा मी तोच प्रोग्रॅम परत चालवला. ज्याची चूक त्यालाच साक्ष विचारली.

  मूळ फाईल छापून घेतली आणि पेननं चांदण्या मोजत बसले.

३ डिसेंबर

लोरेनबाईंना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. वाटलं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग खरं उत्तर काय आहे? मृत्यू वाढले?"

"माहीत नाही. चांदणी म्हणजे एकही असेल, नऊही असतील. मूळ आकडे मागावे लागतील. खातं देईल का, केव्हा देईल..."

"म्हणजे आपण एवढंच म्हणू शकतो, की काही म्हणता येत नाही."

"पण आपण तर म्हणून बसलोय! विभाग बंद होतायत त्यावरून. समितीला आज फोन करायला हवा."

 त्या हळू आवाजात सांगू लागल्या, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. शुद्धिपत्र काढायलाच हवं. पण त्याची रीत आहे: आधी आतला आढावा, मग बाहेरचा, मग वकील. घाईत अर्धवट काही बोललो तर संस्थेचं कुठलंच काम कुणी पुन्हा खरं मानणार नाही, त्यात गरिबांच्या बाजूची कामंही आली. "आणि तुझं तर आत्ता कुठं सुरू होतंय," म्हणाल्या. "शिफारसपत्र मी लिहिणार आहे, ब्रिन. चूक तुझी एकटीची नाही, मी सही केली. पण शुद्धिपत्र निघेपर्यंत बाहेर कुणाशी नाही बोलायचं. आईशीसुद्धा."

मी हो म्हटलं.

जिन्यात आल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं.

१९ डिसेंबर

आढावा सुरू आहे. म्हणजे सुट्टीमुळे सुरू नाही.

आज टेलिफोन उचलून समितीच्या कचेरीचा नंबर फिरवला. एका मुलीनं गोड आवाजात विचारलं, काय काम आहे? मी म्हटलं, चुकून लागला.

२५ डिसेंबर, ओस्लंड

सिग्नेला कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, तू जानेवारीअखेरीलाच माझ्याकडे ये. माझ्या पलंगावर झोप, मी सोफ्यावर झोपते. बाळ होईपर्यंत राहा.

"महिनाभर? आणि ट्रॉय? ऐन बर्फात त्याला एकट्याला सोडू? तो डब्यातलं सूप थंडच खातो, माहितीये तुला."

"सिग्ने, रस्ता लांब आहे. हिवाळा आहे."

"अगं, तू का एवढी मागं लागलीयेस? तुझाच अहवाल वाचलाय मी. अख्खा! झोप येत होती तरी वाचला. काही फरक पडत नाही, असं स्वच्छ लिहिलंयस."

त्या क्षणी सांगायचं होतं. शब्द तोंडात आले होते. मागे आई कॉफी गाळत होती आणि फ्रिजवर पिवळं नाव चमकत होतं.

"ती सरासरी असते," मी म्हटलं.

"मग मी काय सरासरीबाहेरची?" ती हसली आणि माझा हात ओढून पोटावर ठेवला. "बघ, लाथा मारतोय. मावशीला गप्प बस म्हणतोय."

मी गप्प बसले.

९ जानेवारी

ओस्लंडचा विभाग बंद झाला. आईनं सांगितलं, पाळणे लिलावात गेले, दोन ट्रॉयनं घेतले. एक वापरायला, एक सुटे भाग काढायला.

११ फेब्रुवारी

शुद्धिपत्र निघालं. संस्थेच्या संकेतस्थळावर, अहवालाच्या सतराव्या पानावरची तळटीप: "काही काउंट्यांतील आकडेवारी अपुरी असल्याने निष्कर्ष सावधगिरीने वाचावेत." माझं वाक्य वर तसंच आहे. समितीला प्रत पाठवली, पोच आली.

"एवढंच?" मी लोरेनबाईंना विचारलं.

"वकिलांनी एवढंच ठेवलं." त्या थकलेल्या दिसल्या. "मला आवडलेलं नाही, ब्रिन. पण आता तू मोकळी आहेस."

खरंच मोकळी आहे. आता सिग्नेला फोन करून सांगू शकते. पण फोनवर काय सांगू? तळटीप वाचून दाखवू? शनिवारी गाडी घेऊन जाते आणि तिला उचलूनच आणते. समोर बसून सांगेन.

१५ फेब्रुवारी

शनिवार. वादळाचा इशारा, हायवे बंद. पुढच्या आठवड्यात जाईन. तारखेला अजून वेळ आहे.

२१ फेब्रुवारी

पहाटे आईचा फोन आला.  तिच्या हातून ट्रॉयनं फोन घेतला.

वेळेआधीच कळा सुरू झाल्या. बर्फ उडत होता, रुग्णवाहिका निम्म्या वाटेवर अडकली. ट्रॉयनं तिला नांगराच्या केबिनमध्ये बसवलं आणि स्वतःच रस्ता कापत निघाला. बाळ टॅमरॅकच्या हद्दीच्या अलीकडे झालं. मानेभोवती नाळ होती.

"मला माहीत नव्हतं काय करायचं," ट्रॉय म्हणाला. "मी हीटर पूर्ण सोडला होता. केबिन गरम होती, ब्रिन. थंडीनं नाही गेला तो." हे त्यानं तीन-चारदा सांगितलं. मुलगा होता. अँडर्स.

१ मार्च, ओस्लंड

काल अंत्यविधी झाला. चर्चच्या तळघरात जेवण, भट्टीत भाजलेली बटाट्याची हॉटडिश, हॅम, कॉफी. लीना हाउगेन आली होती. सिग्नेच्या शेजारी बसून राहिली. मी ताटं उचलत होते.

आज दुपारी सिग्नेच्या खोलीत गेले. भिंतीकडे तोंड करून पडली होती. वाटलं झोपलीय, पण बोलली.

"तुमच्या तक्त्यात आता आमच्या काउंटीपुढे एक लागेल ना?"

मी पलंगाच्या कडेला बसले.

"सगळे म्हणतात, दुसरं होईल. जणू हा झालाच नाही. निदान तिथं तरी लिहिलेला असेल."

हो म्हणता आलं असतं. तिनं कधी पडताळून पाहिलं नसतं.

"नाही," मी म्हटलं. "चांदणी लागेल. दहाच्या आत असले की लपवतात."

"कुणापासून?"

 घरच्यांना त्रास नको म्हणून, हे तिच्या तोंडावर कसं सांगणार? मग मी बाकीचं सांगितलं. ती एक ओळ, चांदणीच्या जागी शून्य, लीनाचा बाक, लोरेनबाईंचं बंद दार. ती वळली नाही. सगळं ऐकून घेतलं.

"तुला कळलं केव्हा?"

"डिसेंबरच्या सुरुवातीला."

"म्हणजे नाताळात माहीत होतं."

"हो."

"मी तुझा हात पोटावर ठेवला तेव्हा."

"हो, सिग्ने."

"आणि तू मला सरासरी सांगितलीस."

मी तिच्या खांद्याला हात लावायला गेले. तिनं खांदा काढून घेतला, रागानं नाही, अनोळखी माणसाचा धक्का लागला की काढतो तसा.

"ट्रॉयला सांग," ती म्हणाली, "तुझी गाडी बर्फातून काढून देईल. आणि आईला तू नको सांगूस. मी सांगेन, तू गेल्यावर."

ट्रॉयनं फावड्यानं गाडीभोवतीचा बर्फ काढला आणि काचाही पुसून दिल्या. मी बॅग घ्यायला स्वयंपाकघरात गेले तर आई उरलेली हॉटडिश डब्यात भरत होती. डबा माझ्या हातात ठेवला, माझी कॉलर नीट केली, म्हणाली, "रस्त्यानं जपून जा, आणि पोचलीस की फोन कर. आता तूच आहेस आम्हाला शहाणी." तिच्या मागे फ्रिजवर माझं नाव होतं. मी डबा घेतला आणि निघाले.